चौसष्टला गरजू, पासष्टला अपात्र

एका खेड्यातली ६४ वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. घरचं वर्षाचं उत्पन्न लाखभर रुपये. तिला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, कारण त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तिला ६५ पूर्ण झाली की ती योजना संपते. वयाची अटच तशी आहे. त्यापुढच्या वयासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. रक्कम तीच, १,५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,०००. घर तेच, चूल तीच, कमावणारी माणसं तीच. बाईचे गुडघे जास्त दुखायला लागलेत, औषधं वाढलीत, रोजानं कुणी बोलवत नाही. नेमक्या त्याच वर्षी तिला सांगितलं जातं की तुमचं उत्पन्न बसत नाही.

हा नियम कुणी मुद्दाम दुष्टपणानं केला असेल असं मला वाटत नाही. एक योजना २०२४ सालच्या पावसाळ्यात, निवडणुकीच्या तोंडावर आली. दुसरीची मर्यादा जुन्या काळात ठरली आणि तिथंच राहिली. दोन्हींचे शासन निर्णय एकाच मंत्रालयातून निघतात, दोन्हींसाठी पैसा एकाच तिजोरीतून जातो, पण ते दोन कागद कुणी शेजारी ठेवून वाचले नाहीत. त्याची शिक्षा मात्र पासष्टीच्या बाईला.

२१,००० हा आकडा जरा नीट बघू. महिन्याला होतात १,७५०. दिवसाला ५७ रुपये आणि वर काही पैसे. घरात चार माणसं असतील तर माणशी १४ रुपये, आणि त्यात दोन वेळचं जेवण, चहा, साबण, एसटीचं भाडं, दवाखाना सगळं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही हीच मर्यादा आहे, आणि ती एका माणसाची नाही, अख्ख्या कुटुंबाची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारानं खाटेला खिळलेला माणूस, अनाथ मूल, यांच्यासाठी ही योजना १९८० साली आली. उद्देश चांगला होता आणि आजही चांगला आहे. महिन्याच्या त्या पैशांवर कितीतरी म्हाताऱ्यांची औषधं चालतात, म्हणून तर हा राग.

सरकारच्याच रोजगार हमीशी ताडून बघा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती आणि कायद्यानं एका कुटुंबाला १०० दिवस काम मागायचा हक्क होता. ७० दिवस खड्डे खणले, बांध घातले तर २०,७९० रुपये झाले. ७१ वा दिवस भरला की २१,०८७. म्हणजे सत्तराव्या दिवसापर्यंत घर निराधार आणि एकाहत्तराव्या दिवशी अपात्र. एका खात्यानं दिलेलं काम प्रामाणिकपणे पूर्ण केलं तर दुसऱ्या खात्याच्या लेखी ते घर बाद होतं. हक्काचे शंभरही दिवस भरले तर त्या घराची कमाई २९,७०० होते. दोन पोरांच्या घरात तेवढ्यात वर्ष निघतं का, हे ज्यानं कधी किराणा भरलाय त्याला विचारायचं कारण नाही.

अनुदानाची रक्कम वाढली, हे मान्य. कधी ६०० होती, मग १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० करण्यात आली, तीही चांगली गोष्ट. याचा अर्थ मर्यादा वाढवता येते, त्यासाठी आभाळ कोसळत नाही. मग विधवेची आणि म्हाताऱ्याची मर्यादा का हलत नाही? रक्कम अडीचपट झाली पण ज्या दारातून आत जायचं ते दार तेवढंच राहिलं. मजुरी वाढली, डाळ-तेल महागलं, गॅसची टाकी महागली, आणि दर वर्षी काही हजार माणसं काहीही श्रीमंत न होता त्या रेषेच्या वर सरकत गेली. विधानसभेत त्यावर चर्चा नाही, अर्थसंकल्पात त्याची ओळ नाही. मर्यादा आहे तिथंच ठेवली की खर्चाची कपात आपोआप होते आणि कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो, ग्राहक किंमत निर्देशांक बघून. ते योग्यच आहे. महागाई मोजायची यंत्रणा आपल्याकडं आहे, ती चालते, तिच्यावर कुणाचा आक्षेप नाही. मग ती फक्त पगारपत्रकापाशीच का थांबते?

तालुक्याच्या गावात तहसील कचेरीच्या आसपास सेतू केंद्रं असतात. दोन संगणक, एक प्रिंटर, बाहेर चपलांचा ढीग, आत झेरॉक्सच्या शाईचा वास. अशाच एका केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरताना झालेलं बोलणं मी शेजारच्या बाकावर बसून ऐकलं.

“मावशी, उत्पन्न किती टाकू?”

“खरं हाय तेच टाक की बाबा.”

“काय करता तुम्ही?”

“खुरपायला जाते. बोलवलं तर. तीनशे देत्यात. कापूस वेचायला जरा जास्त सुटतं.”

“मुलगा?”

“पुण्याला असतो. कंपनीत, कंत्राटावर.”

“पैसे पाठवतो का?”

“दिवाळीला आला तर हातावर ठेवतो काहीबाही.”

पोरानं बोटं थांबवली. वाईट पोरगं नव्हतं ते. मघाशी एका आजोबांचा आधार कार्डाचा घोळ त्यानं पदरचे दोन प्रिंट काढून निस्तरला होता. “हे सगळं खरं टाकलं तर तुमचा निराधारचा अर्ज उडेल, मावशी. एकवीसच्या आत टाकतो.”

“टाक मग. तुला कळतं त्यातलं.”

आणि मावशींनी स्वयंघोषणापत्रावर अंगठा उठवला. त्या कागदाच्या तळाला छापलेलं असतं की दिलेली माहिती खोटी आढळली तर मी फौजदारी कारवाईला पात्र राहीन. मावशींना वाचता येत नव्हतं. खरं टाक म्हणणारी त्या खोलीत त्या एकट्याच होत्या आणि खोट्या माहितीवर अंगठा उठला तोही त्यांचाच.

तलाठ्याला हे माहीत असतं. तहसीलदाराला माहीत असतं. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. २१,००० रुपयांत वर्ष काढणारं कुटुंब जवळपास सापडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी त्या आकड्याचे दाखले रोज निघतात, कारण ते निघाले नाहीत तर योजनाच बंद पडेल. कुणी म्हणेल, मग चाललंय ते चालू दे की, मावशींना पैसे मिळतायत ना? मला हे पटत नाही. ज्या बाईचा कागद खोटा आहे, ती कुणापुढंही मान वर करून बोलू शकत नाही. चार महिने अनुदान आलं नाही तर ती तक्रार करायला घाबरते. गावातल्या कुणाचं ऐकलं नाही, मत दिलं नाही, तर ‘तुझा दाखला काढू का बाहेर’ एवढं एक वाक्य पुरतं. तिचा हक्क आहे त्या पैशावर, पण तो तिला चोरीच्या मालासारखा लपवून घ्यावा लागतो.

आणि जी खरोखर खरं सांगते तिला काहीच मिळत नाही. अशाही बायका आहेत. ‘खोटं लिहिणार नाही’ म्हणून अर्ज न करणाऱ्या.

आता एकाच तहसील कचेरीत गरिबीची मापं किती, ते बघा. पिवळ्या शिधापत्रिकेला वर्षाला १५,००० पर्यंत उत्पन्न. केशरीला १ लाखापर्यंत. ही तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत १९९९ पासूनची. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. निराधारला २१,०००. लाडक्या बहिणीला २,५०,०००. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याला ८ लाख. ओबीसींच्या नॉन क्रीमीलेअरलाही ८ लाखच. गरीब कोण याचा निर्णय खिडकी बदलली की बदलतो. आठ लाखवाल्याला दुर्बल म्हणायला सरकारची हरकत नाही, बावीस हजारवाल्या विधवेला निराधार म्हणायला आहे. वेगवेगळ्या योजनांचे हेतू वेगळे, म्हणून मर्यादाही वेगळ्या असणार, हे मला समजतं. पण त्यात काही तर्क हवा. जी रक्कम जितकी अधिक गरजूसाठी, तितकी तिची चाळणी बारीक, इथपर्यंत ठीक. पण १,५०० आणि १,५०० मध्ये जवळजवळ बारापटीचं अंतर कुठल्या हिशेबानं?

मालमत्तेची कथा याहून वाईट. ग्रामीण भागात २००२ साली दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण झालं. १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके जास्त, तितके तुम्ही सधन. अंगावर घालायचे कपडे माणशी किती, हाही त्यात प्रश्न होता. घरात पंखा, रेडिओ, टीव्ही, कुकर आहे का, हाही. लेकीच्या लग्नात आलेला कुकर फळीवर दिसला म्हणून गुण वाढले आणि यादीतून नाव गेलं, अशा हकिगती जुने ग्रामसेवक आजही सांगतात. त्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात तुम्ही बसता. त्या वेळी चाळिशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून बसली आहेत. त्यांची आजची गरिबी त्या दिवशीच्या कुकरवर मोजली जाते. केंद्र स्वतः ६० ते ७९ वयाच्या माणसाला देतं किती? महिन्याला २००. हा आकडा २००७ पासून जागचा हललेला नाही. बाकीची भर राज्य घालतं.

घरकुलाचं तसंच. फ्रिज, लँडलाइन फोन, दुचाकी असेल तर पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण यादीतून बाद, असे निकष होते. २०२४ मध्ये ते काढले. उशिरा का होईना, बरं झालं. दुचाकी ही मजुराची चैन नसते, कामावर पोचायचं साधन असतं, हे कळायला एवढी वर्षं लागली. पण चारचाकीच्या बाबतीत तोच घोळ चालू आहे. लाडक्या बहिणीच्या घरात कुणाच्याही नावावर चारचाकी असेल तर ती अपात्र. ट्रॅक्टर चालतो. कर्जावर घेतलेला माल वाहायचा छोटा टेम्पो चालत नाही, वडापसाठी घेतलेली जुनी जीप चालत नाही. नवा ट्रॅक्टर कितीला येतो ते शेतकऱ्यांना विचारा. शेतीचं साधन म्हणून त्याला सूट दिली, तर पोटाचं साधन म्हणून टेम्पोला का नाही? हप्ते थकल्यावर फायनान्सवाले ओढून नेतात ती गाडी मालमत्तेत मोजायची की कर्जात?

जमिनीचं मोजमाप करतानाही हेच होतं. पाच एकराच्या अटीनं जतमधला कोरडवाहू शेतकरी आणि कृष्णाकाठचा ऊसवाला एका तराजूत बसतो. लाडकी बहीण योजनेत ही पाच एकराची अट सुरुवातीला होती, पुढं आठवडाभरातच वगळली. आर्थिक दुर्बल घटकाच्या केंद्राच्या दाखल्यात ती आजही आहे. एकर बघतात, पाणी बघत नाहीत.

पण सगळ्यात जास्त अन्याय ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचं याच्यात आहे. आईचं नाव मुलाच्या शिधापत्रिकेवर असतं, म्हणून मुलाचं उत्पन्न आईचं धरलं जातं. मुलगा विचारतो की नाही, हा प्रश्न अर्जात नाही. मग काय करायचं? शिधापत्रिका विभक्त करायची. एकाच छपराखाली राहणाऱ्या आईला कागदावर वेगळं काढायचं. ज्या घरात मुलगा-सून नीट सांभाळतात त्या घरालाही हे करावं लागतं, कारण म्हातारीची साखरेची औषधं त्या पैशातून येतात. पुढे कुणाचं तरी बिनसतं आणि ‘तुमचं कार्ड वेगळंच आहे की’ हे वाक्य घरात ऐकू येतं.

दुसरीकडं हे कसं करतात? ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या सरकारी पेन्शनला उत्पन्न आणि मालमत्ता दोन्हींची कसोटी असते, आणि तिथं ती कडकच आहे. पण तिथं कडा नाही, उतार आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की एकट्या माणसाचं पेन्शन त्यापुढच्या प्रत्येक डॉलरमागं ५० सेंटनं कमी होतं. एकदम तुटत नाही. चार पैसे जास्त कमावले तर त्यातले काही हातात उरतातच. राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत. आणि या मर्यादा दर वर्षी १ जुलैला महागाईप्रमाणे सुधारल्या जातात, त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. तिथं बहुतेकांच्या कमाईची नोंद सरकारकडं असते, आपल्याकडं खुरपणीच्या रोजाची नोंद कुठंच नसते, हा फरक मोठा आहे. डॉलर-डॉलरचा हिशेब आपल्याला जमणार नाही. पण दोन टप्पे तर जमतील? एका मर्यादेपर्यंत पूर्ण रक्कम, तिच्या दुपटीपर्यंत निम्मी. आणि दर वर्षी मर्यादा सुधारणं तर नुसत्या एका शासन निर्णयाचं काम.

मर्यादा वाढवली तर धनदांडगे घुसतील, असं कुणीतरी म्हणणारच. घुसतात, हे खरं आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं की लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसतायत. त्यात दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी आणि १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. संताप येण्यासारखीच गोष्ट आहे. पण ते सापडले कसे, ते बघा. सरकारच्या हाती असलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून. कोण प्राप्तिकर भरतो, कोणाचा पगार तिजोरीतून जातो, कोणाला मोठं निवृत्तीवेतन आहे, कोणाच्या नावावर नवी कोरी आलिशान गाडी आहे, हे सगळं सरकारला बसल्या जागी कळतं. मग अपात्र कोण, ते सरकारनं शोधावं. मी गरीब आहे हे दर वेळी त्या मावशींनी सिद्ध करत का बसावं? त्यांच्या उत्पन्नाची पावती कुठंच नाही. शेतमालक पगाराची चिठ्ठी देत नाही. जे मोजताच येत नाही त्याचा दाखला मागायचा आणि तो खोटा निघाला तर कारवाईची भीती घालायची, हे कुठल्याही भल्या राज्याला शोभत नाही.

त्यामुळं माझं म्हणणं सरळ आहे. श्रावणबाळ आणि निराधार योजनेची २१,००० ची मर्यादा उद्याच्या उद्या रद्द करून लाडक्या बहिणीच्या मर्यादेला आणून भिडवा. पैसा जास्त लागेल, लागू दे. त्याच मर्यादेच्या आतल्या धडधाकट बाईला आपण १,५०० देतोच आहोत, तर तिच्या सासूला नाही म्हणायला तोंड कुठं आहे? लाडकी बहीण योजनेत ६५ पूर्ण होणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव पुढच्या महिन्यात आपोआप श्रावणबाळमध्ये जाऊ द्या. जन्मतारीख आधारवर आहे, बँक खातं जोडलेलं आहे, ई-केवायसी करून घेतलेली आहे. नवा अर्ज, नवा दाखला, तहसीलची नवी फेरी, यातलं काहीच लागत नाही. कमाईचं वाहन चैनीच्या वाहनातून वेगळं करा. म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न त्याचं त्याचं मोजा, मुलाचं नको.

एवढं होईपर्यंत वाचकांनी एक करावं. प्रत्येक तालुक्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेची समिती असते. तिच्यात अशासकीय सदस्य असतात, तुमच्या गावातले, ओळखीचे, बहुधा कुठल्यातरी पक्षाचे. त्यांना गाठा आणि विचारा: मागच्या वर्षभरात उत्पन्नाच्या कारणावरून किती अर्ज फेटाळले? त्यातल्या किती बायका लाडकी बहीण योजनेचे पैसे आधी घेत होत्या? आकडा देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. आलेली उत्तरं आपल्या आमदाराला नेऊन द्या, पुढच्या अधिवेशनाच्या आधी.